मागची सीट

"तुला फक्त 'हो' म्हणायचंय," काका म्हणाले. "फौजदार विचारतील, गाडी वडीलच चालवत होते ना? तू म्हणायचं, हो. सही करायची आणि घरी यायचं. भाषण ठोकायला कोणी बोलावलेलं नाही तुला."

काकांची सगळी नोकरी एका वकिलाच्या कचेरीत कारकुनी करण्यात गेली होती, आणि कायद्याच्या गोष्टीत त्यांचा आवाज त्या वकिलापेक्षा एक पट्टी वरच लागे. ते बाबांच्या खुर्चीत बसले होते. ती खुर्ची रिकामी ठेवायची असं कोणी ठरवलं नव्हतं, पण बाबा गेल्यापासून तिच्यावर बसणारे ते पहिलेच. आई भिंतीला टेकून खाली बसली होती. धाकटा पलंगाच्या कडेला, डावा हात गळ्यात अडकवलेला. उजव्या हाताच्या नखाने तो प्लास्टरची कड खरवडत होता. मुलगी दाराच्या चौकटीत उभी होती. ती परगावच्या एका वाचनालयात नोकरी करत होती. फोन आला तशी अंगावरच्या कपड्यांनिशी निघून आली होती, आणि आल्यापासून या घरात तिला बसावंसं वाटेल अशी जागा सापडली नव्हती.

"आणि बाबा चालवत नसले तर?" ती म्हणाली.

"नसले तर म्हणजे?" काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "गाडी कोणाच्या नावावर? दादांच्या. जन्मभर त्या गाडीवर लोकांनी कोणाला बघितलं? दादांना. आणि दादा काय मागे बसून जाणारा माणूस होता? दुसऱ्याच्या मागे बसायची वेळ आली तर पायी निघेल! फौजदारसुद्धा हेच म्हणाले मला."

एवढं मात्र खरं होतं.

बाबा दुचाकीच्या परवान्याचे परीक्षक होते. परवाना कार्यालयाच्या मागचं मैदान, त्यावर चुन्याने आखलेला आठाचा आकडा, टोकाला पत्र्याच्या छपराखाली बाबा आणि समोर घामाघूम झालेली रांग. लोक त्यांना तोंडावर सर म्हणत आणि पाठीमागे नापाससाहेब. एखाद्या मुलीचा बाप लग्नाआधी फार चौकशा करायला लागला की मुलाकडचे म्हणत, हा सासरा आहे की नापाससाहेब?

बाबांची एक रीत होती. उमेदवाराने आठ बिनचूक काढला, पाय टेकला नाही, कुठल्या खुणेला धक्का लावला नाही, की ते म्हणत, "झालं. गाडी फाटकाशी लावा." माणूस सुटल्यासारखा हसे, आणि बाबांची परीक्षा तिथे सुरू होई. मैदानापासून फाटकापर्यंतच्या त्या तुकड्यात तो वळायच्या आधी मान फिरवून मागे बघतो का, की नुसत्या आरशावर विसंबतो. वळताना दिवा लावतो का. हेल्मेटचा पट्टा चालत्या गाडीवरच सोडतो का. निम्मे लोक फाटकाशी नापास होत. मग भांडत. "अहो साहेब, परीक्षा तर संपली होती!"

"रस्त्यावर कोण येणार आहे सांगायला, आता सुरू झाली म्हणून?" बाबा म्हणत, आणि पुढच्याला हात करत.

बाबा निवृत्त झाल्यावर धाकट्याने परवान्याचं मनावर घेतलं. आधी हिंमत झाली नव्हती. पण बाबांच्या जागी आलेला परीक्षकही बाबांच्याच हाताखाली तयार झालेला. त्याने धाकट्याला फाटकाशी पुन्हा पुन्हा नापास केलं. तिशीला टेकलेला हा माणूस गाडीला लाल अक्षराची शिकाऊ पाटी लावून फिरे, आणि मित्र लांबून हाक मारत, "काय चिरंजीव, घरचाच कारखाना असून माल उधार?"

अपघात भरदुपारी झाला. बंद पडलेल्या गिरणीच्या भिंतीलगतचा रस्ता, त्या वेळी सुनसान. मोटारसायकल फाट्यावर वळली, मागून पावाची व्हॅन येत होती, तिची धडक गाडीच्या मागच्या अंगाला बसली. लोक जमले तेव्हा बापलेक दोघेही रस्त्यावर पडलेले होते आणि गाडी तिसरीकडेच. बाबा जागच्या जागी गेले. धाकट्याचा हात मोडला. व्हॅनवाला ओरडून ओरडून सांगत होता, पोरगा चालवत होता, दिवा नाही, बघणं नाही, एकदम आडवा आला. पण तो दुसरं काय सांगणार, असं सगळ्यांचं मत पडलं. दवाखान्यात फौजदारांनी विचारलं तेव्हा धाकटा डोळे मिटून पडला होता. उत्तर काकांनी दिलं. "दादाच चालवत होते."

पुढचं सगळं आपोआप झालं. नापाससाहेब चालवत असतील तर चूक व्हॅनवाल्याचीच. ज्या माणसाने सबंध शहराला मान वळवायला शिकवलं, तो न बघता वळेल? फौजदारांना आणखी पुरावा लागलाच नाही. व्हॅनवाला कोठडीत गेला. आता घरच्यांपैकी एकाचा जबाब लागत होता. आई उठायच्या स्थितीत नव्हती, म्हणून थोरल्या मुलीचा झाला की कागद पुरे होणार होते.

"आणि त्या बिचाऱ्या व्हॅनवाल्याचं काय?" मुलगी म्हणाली.

"बिचारा!" आई पहिल्यांदाच बोलली. "माझं घर बसलं, आणि बिचारा तो?"

"आई, त्याची चूक नसेल तर—"

"चूक-बरोबर बघणारा गेला ग बाई. आता मला बघायला एकच उरलाय." तिने पलंगाकडे मान केली. "गेलेल्याला काय बट्टा लागणार आहे? उलट त्यांचं नाव राखलं जातंय. तुझ्या काकांनी वेळेवर डोकं चालवलं म्हणून."

मुलीने तो 'एकच' ऐकला.

काकांच्या या सगळ्या बांधणीत एक गोष्ट धरलेलीच नव्हती, कारण घरात ती तिच्याशिवाय कोणाला माहीत नव्हती. बाबांकडे परवानाच नव्हता.

थंडीच्या दिवसांत बाबा सहज म्हणून तिच्याकडे आले होते. सहज कुठे जाणारा हा माणूस नव्हता, तेव्हाच तिने ओळखायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, डोळ्यांचा एखादा बरा डॉक्टर आहे का तुमच्याकडे. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की एका डोळ्याचा मधला भाग गेल्यात जमा आहे आणि दुसराही त्याच वाटेवर आहे. थेंब दिले, रस्त्याने जपून चाला म्हणाले. गाडी चालवता का, हे त्यांनी विचारलं नाही. बाबांनाही सांगायची घाई नव्हती. दवाखान्याबाहेर पडल्यावर त्यांनी मुलीला रस्त्याच्या पलीकडे उभं केलं आणि ओरडून म्हणाले, "बोटं दाखव."

येणारेजाणारे बघत होते. ती बोटं वर करायची, ते आकडा सांगायचे. काही बरोबर आले, बरेच चुकले. मग एकदा ते चुकले तेव्हा ती म्हणाली, "बरोबर."

बाबा रस्ता ओलांडून आले. कधी नव्हे ते तिच्या खांद्याचा आधार घेऊन उभे राहिले. "मला पास करू नकोस," ते म्हणाले.

परत जाताना ते तिला सोबत घेऊन गेले. स्टेशनावरून घरी न जाता थेट परवाना कार्यालयात. खिडकीसमोरच्या रांगेत उभे राहिले, आणि नंबर आल्यावर परवाना काढून आत सरकवला. हेडक्लार्क धडपडत उठला. "सर, हे कशाला? तुम्हाला कोण विचारणार आहे?"

"म्हणूनच," बाबा म्हणाले.

घरी त्यांनी गुडघ्यांचं कारण सांगितलं. गुडघे दुखतात, आता गाडी नको, पायी फिरतो. ते घरापुरतंच राहिलं होतं, आणि काकांच्या मते त्या दिवशी गुडघे जरा बरे असतील. मुलीला जिन्यात थांबवून बजावलं, "आईला बोलू नकोस. तिला कळलं तर ती मला आजच म्हातारा करून टाकेल." तिला हसू आलं होतं. बाबांचं गुपित सांभाळायची तिची ती पहिलीच वेळ होती, आणि तिला त्याचा थोडा गर्वही झाला होता.

आता हेडक्लार्क भेटायला येऊन गेला होता. आईपुढे हात जोडून झाल्यावर त्याने मुलीला गॅलरीत गाठलं. डोळे रडून लाल झालेले. "ताई, सर त्या दिवशी खिडकीवर आले होते, ते मी विसरलोय. तुम्हीही विसरा. शोकसभा ठेवलीय आम्ही, हॉलमध्ये त्यांचा फोटो लावतोय. असला माणूस पुन्हा होणार नाही."

जन्मभर ज्याने कोणासाठी एक खोटी सही केली नाही, त्याच्यासाठी खोटं बोलायला सगळे किती हौसेने पुढे येत होते.

जबाबाला निघायच्या आधी धाकट्याने तिला आतल्या खोलीत हाक मारली. "ताई, बटणं लावून दे ना. एका हाताने जमत नाही." ती त्याच्यासमोर उभी राहून सदऱ्याची बटणं लावू लागली. लहानपणी शाळेत जाताना लावत असे, तशीच खालून वर.

"पुढे तूच होतास," ती म्हणाली.

तो छताकडे बघत राहिला. "काका बोलले तेव्हा मला शुद्ध नव्हती."

"आता आहे ना?"

"आता उशीर झालाय."

"बाबा मागे कसे बसले?"

"कसे म्हणजे? पाय टाकून बसले." तो हसायला गेला आणि त्याचं तोंड भलतंच वाकडं झालं. त्याने ते सावरलं. "मीच म्हटलं त्यांना. म्हटलं, बाबा, पुन्हा तारीख मिळालीय, यंदा हसं नको, एकदा मागे बसून बघा तरी मी कुठे चुकतो. मला वाटलं होतं ओरडतील. पण हेल्मेट घेऊन खालीच उतरले. आणि कायद्याने चालतं ते, ताई. शिकाऊ माणसाने मागे कोणाला बसवायचं नाही हे खरं. पण शिकवणारा असेल आणि त्याच्याकडे स्वतःचा परवाना असेल तर चालतं. मी वाचलंय."

"स्वतःचा परवाना असेल तर," ती म्हणाली.

"मग? बाबांच्या वर कोण परवानेवाला?"

तिने गळ्याजवळचं बटण लावलं. त्याला सांगायला हवं होतं. तिने सांगितलं नाही.

ती स्वतः त्याच मैदानावर शिकली होती, सुट्टीच्या दिवशी, फाटक बंद असताना. बाबा छपराखाली उभे असत. मागे बसा ना, अशी तिने एकदाच विनवणी केली होती. तेव्हा त्यांच्याकडे परवाना होता, दोन्ही डोळे होते, कायद्याची काही आडकाठी नव्हती. ते म्हणाले होते, "मागे कोणी आहे म्हटलं की शिकणारा स्वतःचे डोळे वापरत नाही." ती पडली तेव्हाही ते छपराखालून हलले नव्हते. "उचल गाडी. रस्त्यावर मी नसणार." कोपर सोलवटलेलं, गाडी जड, आणि डोळ्यांत पाणी आलेलं दिसू नये म्हणून तिने हेल्मेटची काच खाली ओढलेली. पुढे ती मैत्रिणींना हे कौतुकाने सांगत असे. आमचे बाबा म्हणजे काय, नियम म्हणजे नियम.

आणि या मुलासाठी ते मागे बसले होते. परवाना नसताना, अर्धं दिसत असताना, मुकाट्याने हेल्मेट घालून. पुस्तकांत तिने बापलेकांबद्दल खूप वाचलं होतं. नियम मोडून मागे बसलेल्या मेलेल्या बापाबद्दल हेवा वाटावा, असं कुठे वाचल्याचं तिला आठवेना.

पोलीस ठाण्याच्या व्हरांड्यात एक बाई बाकावर बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत घडी केलेला पुरुषाचा शर्ट वर दिसत होता. काका तिच्याकडे न बघता पुढे गेले. "व्हॅनवाल्याची बायको," ते पुटपुटले. "रोज येऊन बसते. नाटकं." मग दाराशी थांबून त्यांनी मुलीच्या पाठीवर थोपटलं. "हो. एवढंच."

फौजदार तिला बघून उठले. खुर्ची स्वतः पुढे केली, चहा मागवला, काकांना बाहेर बसायला सांगितलं. "सरांनी मला दोनदा फाटकाशी नापास केलं होतं, ताई. त्या वेळी काय शिव्या घातल्या मी! आज रोज अपघात बघतो आणि वाटतं, जिवंत आहे तो त्यांच्यामुळे." त्यांनी कागद ओढला. "तुम्हाला त्रास नको. मी लिहितो, तुम्ही ऐका आणि सही करा. वडील मोटारसायकल चालवत असताना—"

"बाबा चालवत नव्हते."

फौजदारांचं पेन कागदावर तसंच टेकलेलं राहिलं.

"माझा भाऊ चालवत होता. बाबा मागे बसले होते. त्याने मला स्वतः सांगितलंय."

"ताई." त्यांनी आवाज उतरवला. "दुःखात माणसाला काहीबाही वाटतं. पाणी घ्या. विचार करून बोला. एकदा कागदावर आलं की मला ते पुसता येत नाही."

"लिहा."

फौजदारांनी वर बघितलं. ते रागावले नव्हते. दुखावले होते, जणू तिने त्यांच्याच घरच्या माणसाबद्दल काही वाईट सांगितलं होतं. मग त्यांनी आधीचा कागद बाजूला ठेवून नवा घेतला. लिहिता लिहिता ते थांबले आणि त्यांचा चेहरा जरा मोकळा झाला.

"म्हणजे सर त्याला शिकवायला बसले होते! मग हरकत नाही. शिकाऊ चालक, मागे परवानाधारक शिकवणारा. नियमात बसतं. मुलावरही फार येणार नाही, सरांवर तर काहीच नाही, आणि तो व्हॅनवालाही सुटेल. सरांचा परवाना चालू होता ना?" उत्तराची वाट न बघता ते लिहू लागले होते.

इथे थांबता आलं असतं. कोणाचंही नुकसान नव्हतं. हेडक्लार्क विसरला होता. व्हॅनवाला घरी गेला असता, धाकटा थोडक्यात निभावला असता, बाबांचा फोटो हॉलमध्ये लागला असता. काकांनी शिकवलेला तो एक शब्द फक्त दुसऱ्या प्रश्नाला द्यायचा होता. तिला रस्त्यापलीकडे उभे असलेले बाबा दिसले, डोळे बारीक करून तिची बोटं मोजणारे. आयुष्यात त्यांनी घेतलेली सगळ्यात कडक परीक्षा ती होती, आणि ती त्यांनी दिलीच नाही असं आता तिने म्हणायचं होतं. हे सगळं तिच्या मनात होतं. त्याच्या खाली आणखीही काही होतं. त्याला नाव द्यायची तिची तयारी नव्हती, आणि ते धाकट्याच्या भल्याचं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "परवाना त्यांनी परत केला होता. त्यांना दिसत नव्हतं."

फौजदारांनी पेन खाली ठेवलं. "हे तुम्ही सांगितलं नसतं तरी चाललं असतं हो."

"माहीत आहे."

पुढे त्यांनी तिला ताई म्हटलं नाही. लिहून झाल्यावर कागद तिच्यापुढे फिरवला. तिने शब्दन् शब्द वाचला. वाचल्याशिवाय सही करायची नाही हेही बाबांचंच. 'मयत इसम हा शिकाऊ चालकाच्या मागील सीटवर बसलेला होता. सदर इसमाकडे वैध परवाना नव्हता.' इसम. तिने सही केली. चहा आला होता, तो कोणी प्यायला नाही.

जबाबाच्या नकलेसाठी ती व्हरांड्यात थांबली होती, तेव्हा व्हॅनवाल्याला बाहेर आणलं. दाढी वाढलेला, कमरेचा पट्टा हातात. शिपायाने त्याला काहीतरी सांगितलं, तिच्याकडे बोट केलं. तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"म्हणजे मी खरं बोलत होतो हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"मला संशय होता. आजच—"

"संशय!" त्याने बायकोकडे बघितलं. "ऐकलंस? यांना संशय होता. आणि मी आत." मग पुन्हा तिच्याकडे वळून, "आणि तुमचे ते साहेब? मागे बसले होते ना? एवढे मोठे साहेब, त्यांनी तरी बघायचं मागे. त्याला सांगायचं, थांब म्हणून."

"त्यांना दिसत नव्हतं."

"मग बसले कशाला?"

बायकोने त्याची बाही ओढली. तो जायला निघाला आणि पुन्हा थांबला. "माझ्या डोळ्यांसमोर पडला तो माणूस," तो म्हणाला. "मला झोप लागत नाही. हे पण लिहिलंत का कुठे?" उत्तराला तो थांबला नाही.

काकांना तोवर आतून कळलं होतं. ते तिला घेऊन निघाले. फाटकाबाहेर आल्यावर म्हणाले, "दादा एकदा गेले. आज तू त्यांना परत मारलंस. आता घरी जाऊन तुझ्या आईला तूच सांग. माझ्यात नाही ती ताकद." पण ते तिच्या पुढे चालत गेले, आणि ती पोचली तोवर सांगून झालं होतं.

त्याच दिवशी पोलीस धाकट्याला घेऊन गेले. काकांच्या वकिलाने धावपळ करून जामीन मिळवला, पण तो दिवस घरात चूल पेटली नाही. हेडक्लार्कचा फोन आला. शोकसभा पुढे ढकलली आहे. कधीची, ते कळवू. त्याने ते आईला सांगितलं, मुलीला फोन द्या म्हणाला नाही. सांत्वनाला येणाऱ्यांचा ओघही एकाएकी आटला. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला, ज्याला बाबांनी कितीदा नापास करून परत पाठवलं होतं त्याची मोजदाद नव्हती, तो ती जाताना मुद्दाम मोठ्याने म्हणाला, "साहेब आम्हाला परवाना विचारायचे, आणि स्वतः?" आणि पाना गाडीवर आपटला.

आई तिच्याशी बोलत असे ती भिंतीला सांगितल्यासारखं. "तिला म्हणावं, जेवून घे." "तिला म्हणावं, उन्हात टाकलेले कपडे आण." घरात तिसरं कोणी नसलं तरी असंच. जामीन झाल्याचं कळलं तेव्हा मात्र ती सरळ मुलीसमोर येऊन उभी राहिली.

"तो येईल आता. तू तुझ्या गावी जा."

"आई, बाबा असते तर त्यांनीही हेच—"

"त्यांचं नको सांगूस मला. त्यांच्याबरोबर मी संसार केलाय, तू नाही." आईचा आवाज चढला नाही. "त्यांनी सगळ्या जगाला नापास केलं. एकदा, फक्त एकदा, पोराच्या मागे जाऊन बसले. तेवढंसुद्धा तू त्यांना करू दिलं नाहीस."

"मी तेच लिहून दिलं, आई. ते मागे बसले होते हेच. तुम्ही सगळे ते पुसायला निघाला होतात."

आईने तिच्याकडे बघितलं. क्षणभर मुलीला वाटलं, आईला कळलं. मग ती म्हणाली, "मी बोलावेन तेव्हा ये," आणि आत गेली.

पिशवी घेऊन ती जिना उतरत होती तेव्हा धाकटा वर येत होता. काका मागे राहिले होते, वकिलाशी बोलत. अरुंद जिना, एकाने भिंतीला लागल्याशिवाय दुसऱ्याला जाता येत नसे. ती भिंतीला लागली. तो पुढे गेला नाही. एक पायरी खाली उभा राहिला. दाढी न केल्यामुळे तो बाबांसारखा दिसत होता, आणि हे तिच्या मनात येऊ नये असं तिला वाटलं.

"परवान्याचं तुला माहीत होतं," तो म्हणाला. "बटणं लावत होतीस तेव्हा."

"हो."

"मला नव्हतं ताई. मला असतं तर मी त्यांना बसवलं असतं का?"

तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"फौजदारांनी सगळं विचारलं. दिवा लावला का, वेग किती, हेल्मेट होतं का. न बघता वळलो का, तेही विचारलं. हो म्हटलं. पण का वळलो ते कोणी विचारलं नाही. तूही नाही विचारलंस."

"का वळलास?"

त्याने प्लास्टरमधला हात दुसऱ्या हाताने उचलून धरला, जड पिशवी धरावी तसा. "फाट्याच्या जरा अलीकडे बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, 'आता जमतंय तुला.'" तो थांबला. "एवढंच. मला इतकं बरं वाटलं ताई, मागे बघायचं असतं हेच डोक्यातून गेलं. ते मागे आहेत म्हटल्यावर मागे दुसरं काही असेल असं वाटलंच नाही."

खाली काकांचा आवाज येत होता, वकिलाला निरोप देत असलेला.

"तुला म्हणाले होते कधी असं?" त्याने विचारलं. टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

तिने प्रामाणिकपणे आठवून बघितलं. मैदान, छप्पर, बंद फाटक. परवाना हातात आला तो दिवस. पहिली नोकरी.

"नाही," ती म्हणाली.

"मग हेही जाऊन लिहून दे." तो तिला घासून वर गेला. "तू काही राखत नाहीस ना."

वर दार उघडल्याचा आवाज आला, आणि आईचा, काही खाल्लंस का रे, असा.

ती ठाण्यात परत गेली नाही. पुढे खटला उभा राहिला, तिला साक्षीला बोलावलं, उलटसुलट विचारलं. बाबांच्या डोळ्यांबद्दल, परवान्याबद्दल, मागच्या सीटबद्दल विचारलं तेवढं सगळं तिने सांगितलं. जिन्यात ऐकलेली ही एकच गोष्ट सांगितली नाही. चांगुलपणाने नव्हे. ती सांगायची तर आधी स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागलं असतं, की बाबा असं म्हणाले होते, आणि कोणाला.